आहे तसं लावा

१२ मार्च

जावईबापूंस सप्रेम नमस्कार,

बाड पोचलं. टपालवाल्यानं ते टेबलावर असं आदळलं की शाईची बाटली उडून माझ्या सदऱ्यावर आली. असो, सदरा जुनाच होता. कागद मोजून घेतले, तीनशे अठ्ठावीस भरले. अंदाजानं छापील दोनशे अठ्ठ्याऐंशी पानं होतील, म्हणजे सोळा पानांचा एक याप्रमाणे बरोबर अठरा फर्मे.

तीस वर्षं मी या छापखान्यात खिळे जुळवतोय, त्यातली बारा फोरमन म्हणून. पण इतकी चिन्हं एका पुस्तकात नांदताना पाहिली नव्हती हो! आमचे जुळारी चिन्हांना खऱ्या नावानं ओळखत नाहीत, रूपानं ओळखतात. तो लांबोडका वाकडा आहे ना, तो आमचा 'आकडा'. आडवा आठ म्हणजे 'चष्मा'. डोक्यावर छप्पर असेल तर 'टोपीवाला'. आणि तुमच्या पुस्तकात सगळ्यात जास्त लागणार ती दोन जुळी भावंडं, एकाला खाली सरळ टोक, दुसरं जरा कुशीवर वळलेलं. ती आमची 'टोकदार' आणि 'बाकदार'. गणितात ती काय उद्योग करतात ते तुम्हाला ठाऊक. आमच्याकडे ती शेजारशेजारच्या खणांत राहतात, आणि कुणी एकाला दुसऱ्याच्या खणात टाकलं तर त्या माणसाची त्या दिवशी धडगत नसते.

टाईप केलेल्या ओळींमध्ये शाईनं काढलेली चिन्हं टिंबूच्या हातची आहेत हे पहिल्याच कागदावर ओळखलं. पोर इथेच, माझ्या पायाशी बसून खिळे मोजायला शिकली. तिच्या बाकदाराला कमरेत एक लचक असते, ती दुसऱ्या कुणाला जमायची नाही. भिंगातून पाहिलं आणि गंमत वाटली, थोडं भरूनही आलं.

आता मूळ गोष्ट. टिंबूच्या आईचा उजवा हात आणि पाय हिवाळ्यापासून गेलाय. बोलणंही गेलं. 'टिंबू' एवढा एक शब्द नीट येतो, आणि तो दिवसातून वीसदा येतो. दाराशी पाऊल वाजलं की मान तिकडे. दूधवाला असला तरी. आठ दिवसांसाठी लेकीला पाठवा. दोन वर्षं झाली आली नाही. मागची दोन पत्रं मी तिला याच कारणासाठी लिहिली होती, उत्तर नाही, म्हणून तुम्हालाच लिहितो.

कागद ३१, ७७ आणि १०४ वर चिन्हांबद्दल शंका आहेत, समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय.

तुमचा,
मामा

२० मार्च

फोरमन यांस,

पुस्तकाच्या पत्रव्यवहारात नात्यागोत्याचा उल्लेख नको. ही पत्रं विद्यापीठाच्या फाइलीत जातात. माझ्या पुस्तकाचे खिळे माझा सासरा जुळवतो, हे तिथे कुणाला कळण्याची गरज नाही. यापुढे 'प्राध्यापक' असं लिहावं.

तुमची प्रश्नचिन्हं पाहिली. तिन्ही ठिकाणी मजकूर बरोबर आहे. तुम्हाला गणित येत नाही, त्यामुळे शंका यायचंही कारण नाही. आहे तसं लावा. तुम्ही डोकं चालवायचं ठरवलंत तर हे पुस्तक माझ्या हयातीत निघणार नाही.

एक ऑगस्टला छापील प्रत माझ्या हातात हवी. विभागप्रमुखाच्या जागेसाठी निवड समिती तेव्हा बसते आहे. पुस्तक नसेल तर जागा नाही, इतकं ते साधं आहे.

तुमच्या मुलीबद्दल: मुद्रितं मूळ प्रतीशी ताडून पाहायला ती लागते. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही. अठरा फर्मे पूर्ण झाले की पाठवतो, महिनाभर ठेवून घ्या. तोवर आजाराचं तिला कळवणार नाही, कामात लक्ष राहणार नाही. तुमची दोन पत्रं त्याच कारणानं माझ्याकडे आहेत.

प्राध्यापक

९ एप्रिल

प्राध्यापकसाहेब,

चार फर्म्यांची मुद्रितं सोबत, दोन-दोन प्रती. जुळाऱ्यांना रविवारीही बोलावतोय. त्यांनी तोंडं वाकडी केली, पण आले. खिडकीजवळची जागा मी घेतली, उजेड तिथे बरा असतो. डोळ्यांनी आता मान टाकलीय, भिंगाशिवाय टोपीवाला आणि बिनटोपीचा एकच दिसतो.

तुमच्या सोळाव्या पानावर अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक, त्याच्या पोटात आणखी एक. तीन मजली घर! तळमजल्यावर पुन्हा मुळाचं चिन्ह, त्याच्या वरची रेघ पितळेची कापून बसवावी लागली. ती एक ओळ लावायला एक अख्खी सकाळ गेली आणि जुळाऱ्यांनी तिला टाळ्या वाजवल्या. तुम्ही पाहाल तेव्हा डोळ्यांत भरेलच.

आठ दिवस नको, चार दिवस पाठवा. हा फर्मा आणि पुढचा फर्मा यांच्यामध्ये मोकळे चार दिवस असतातच. गाडीचं मी बघतो. आईला घास भरवताना ती तोंड मिटून घेते आणि दाराकडे बघते. मला वाटतं, तिला वाटतंय की मीच लेकीला येऊ देत नाही.

फोरमन

१८ एप्रिल

फोरमन यांस,

मुद्रितं परत पाठवली आहेत. चार फर्म्यांत दोनशे चौदा दुरुस्त्या आहेत. सगळ्या तुमच्या चुका नाहीत, काही ठिकाणी माझा विचार बदलला आहे. टोपीवाल्या चिन्हाऐवजी आता वर आडवी रेघ हवी. संपूर्ण पुस्तकात. हो, जे लावून झालं आहे त्यातही.

सोळाव्या पानावरची ती तीन मजली ओळ मी काढून टाकली आहे. पुन्हा वाचताना अनावश्यक वाटली.

पान ५२ च्या समासात पेन्सिलीनं लिहिलेला घरगुती मजकूर आढळला. 'बाळ, आईला फार बरं नाही, हे वाचलंस तर निघून ये.' मी तो रीतसर खोडला आहे, खुणेसकट पाहून घ्या. मुलीला दिलेल्या प्रतीचे समास मी कात्रीनं कापून मग दिले. याउपर एकही बाहेरचं अक्षर दिसलं, तर बाड दुसऱ्या छापखान्यात जाईल, आणि तिच्या येण्याचं जे ठरलं आहे तेही मोडेल.

प्राध्यापक

६ मे

प्राध्यापकसाहेब,

रेघा बसवल्या. टोपीवाले आठशे सत्तर खिळे होते. रेघेचे खिळे आमच्याकडे दोनशेच. बाकीचे टोपीवाले एकेक चिमट्यात धरून टोपी कानशीनं घासली आणि वर रेघ जोडली. माझी अंगठ्याची कातडी गेलीय, फडकं बांधून करतोय. नऊ, दहा, अकरा आणि बारा असे चार फर्मे सोबत. समास कोरे आहेत, खात्री करून घ्या.

काल डॉक्टर येऊन गेले. बाहेर ओट्यावर येऊन माझ्याशी बोलले, म्हणजे काय ते तुम्ही समजा. आठवडे म्हणाले. महिने नाही म्हणाले.

मी आयुष्यात कुणापुढे वाकलो नाही. मालकापुढेही नाही, ते विचारा हवं तर. पण तुमच्यापुढे हात जोडतो. रविवारी सकाळच्या गाडीनं येऊ दे, संध्याकाळच्या गाडीनं परत पाठवतो. जेवायलाही थांबवून घेत नाही. नुसती दारात उभी राहिली तरी चालेल. आईनं एकदा बघितलं की झालं. मुद्रितं तिच्याबरोबर द्या, गाडीत वाचेल. तुमचं एका ओळीचं नुकसान होऊ देणार नाही, माझा शब्द.

फोरमन

१३ मे

फोरमन यांस,

ठरलं आहे ते ठरलं आहे. अठरा फर्मे.

प्रकृतीचं म्हणाल तर त्या वयात या गोष्टी व्हायच्याच. रविवारी कुणी दारात उभं राहिल्यानं हातपाय परत येत नसतात.

नववं प्रकरण मी पूर्ण नव्यानं लिहिलं आहे. पुस्तकाचा सगळा जीव त्यातल्या एका प्रमेयात आहे. त्याची सिद्धता अकरा पानांची आहे, समिती तीच वाचणार. सुवाच्य प्रत सोबत आहे. माझे कच्चे कागद मी फाडून टाकले, तेव्हा ही प्रत सांभाळा. हे प्रकरण शेवटच्या दोन फर्म्यांत बसेल.

प्राध्यापक

२७ मे, तार

आई गेली. टिंबूला पाठवा.

२९ मे

फोरमन यांस,

तार मिळाली. वाईट वाटलं.

शेवटचे दोन फर्मे राहिले आहेत. ते सुटल्यावर मुलीला सांगेन. आत्ता सांगितलं तर ती निघेल, आणि नववं प्रकरण ताडून पाहायला माझ्याकडे कुणी नाही. तसंही आता घाईचं कारण उरलेलं नाही.

तुम्ही चार दिवस सुट्टी घ्या, माझी हरकत नाही. मात्र त्या चार दिवसांत जुळारी रिकामे बसणार नाहीत हे पाहा.

प्राध्यापक

५ जून

प्राध्यापकसाहेब,

सुट्टी घेतली नाही. घरी बसून काय करणार?

सतरावा आणि अठरावा फर्मा सोबत, मूळ प्रतही परत पाठवलीय. नववं प्रकरण मी स्वतः लावलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आपल्या हुकुमाप्रमाणे आहे तसं लावलंय. बिंदू इकडचा तिकडे नाही. समासात प्रश्नचिन्ह एकही नाही.

एकच विनंती. हे प्रकरण आपण महत्त्वाचं म्हणता, म्हणून अकराच्या अकरा पानांवर 'छापा' असं आपल्या हातानं लिहून खाली सही करावी. पुढे कुणी म्हणायला नको की फोरमननं डोकं चालवलं.

फोरमन

१४ जून

फोरमन यांस,

शेवटी तुम्हाला शिस्त लागली म्हणायची. तीन महिन्यांत पहिल्यांदाच फालतू शंका नसलेली मुद्रितं पाहायला मिळाली. हेच आधी केलं असतंत तर दोघांचाही त्रास वाचला असता. मुलीनं मूळ प्रतीशी ओळ न ओळ ताडून पाहिलं, एकही फरक नाही. मीही नजर टाकली. अकरा पानांवर सह्या केल्या आहेत. छापा.

तिला आज सांगितलं. स्वाभाविकच फार रडली. परंतु आता लगेच पाठवणं जमणार नाही. ऑगस्टमध्ये समितीची मंडळी घरी जेवायला येणार, तेव्हा घर बघायला बाई हवी. समिती झाली की बघू.

प्राध्यापक

२५ ऑगस्ट

फोरमन,

तुम्ही काय करून ठेवलंत?

समितीत बाहेरून आलेला एक म्हातारा होता. सगळे माझं अभिनंदन करत होते, आणि हा आपला पुस्तक उघडून बसला. मग म्हणाला, पान दोनशे एकाहत्तरवर आपण एका राशीतून तीच रास वजा केलीय आणि आलेल्या उत्तरानं भागलंय. म्हणजे शून्यानं भागलंय. शाळेतल्या पोराला यावर कान धरून उभं करतात, म्हणाला. मी हसलो. छपाईची चूक असेल म्हटलं. तेव्हा त्यानं पान उलटलं. मग पुढचं. अकरा पानांत तुमचा तो टोकदार आणि बाकदार वेगळे नाहीतच. पहिलं अर्धं पान सोडलं तर सगळीकडे टोकदार! दोनशे सहा ठिकाणी!

बरं, म्हणाला, फळ्यावर या आणि कुठला कोण ते लिहून दाखवा. मी गेलो. कच्चे कागद नाहीत, हातात फक्त ते पुस्तक. तीनदा पुसलं. चौथ्या ओळीपुढे मला माझंच प्रमेय उलगडेना. मागे कुणीतरी खोकलं, मग कुणीतरी हसलं. शेवटी म्हातारा म्हणाला, लेखकानं स्वतःचं पुस्तक वाचलेलं दिसत नाही. जागा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान माणसाला गेली. आता कॉरिडॉरमध्ये मी दिसलो की शिपायापासून सगळे बोटं मोजून भागाकार करतात.

घरी येऊन मूळ प्रत काढली. तुमचा गळा धरायचा म्हणून काढली. तर त्यातही तेच! तुमच्या लाडक्या मुलीनं अकरा पानं उतरवली ती अशी. आणि तिनंच ताडून पाहिलं, फरक नाही म्हणाली. कसा असेल? आपल्याच चुकीशी आपली चूक ताडून पाहिली!

तीनशे प्रती माझ्या घरात आणून टाकल्या आहेत. दोनशे सहा ठिकाणी बारीक निबेनं बाक काढायचा, प्रत्येक प्रतीत, हाच तिचा उद्योग आता. कुठला कुठे ते मी एका प्रतीत खुणा करून दिलंय, त्यात माझे नऊ दिवस गेले. तीनशे प्रती झाल्या की गाडीत बसवून देतो. घ्या तुमची मुलगी. मला नको.

३० ऑगस्ट

माझ्या टिंबू,

हे पत्र तुझ्या शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंच्या पत्त्यावर टाकतोय. त्या आपल्या जुळाऱ्याच्या मेहुणीच्या ओळखीच्या निघाल्या, हातात देतो म्हणाल्या. ही युक्ती मला मार्चमध्ये सुचली नाही, याबद्दल स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आधी ते निब ठेवून दे. ठेवलंस? उठ, सामान बांध आणि मिळेल त्या गाडीनं घरी ये. तीनशे प्रती गेल्या खड्ड्यात. त्यानं स्वतःच 'घ्या तुमची मुलगी' असं लिहून दिलंय, सहीशिवाय का होईना. आता तुला अडवायला तोंड नाही त्याला.

आणि त्या चुकीचं मनाला लावून घेऊ नकोस. तू नुसती नक्कल केलीस. पुस्तक कुणाचं, नाव कुणाचं, अकरा पानांवर सही कुणाची? त्याची. शोभा कुणाची झाली? त्याची. व्हायलाच हवी होती.

आता तुला गंमत सांगतो, आईला सांगायची राहिली. नववं प्रकरण मी लावायला घेतलं, आईला जाऊन पाच दिवस झाले होते. टोकदाराचा खण सकाळपासून तीनदा रिकामा झाला. शेजारी बाकदाराचा खण भरलेला, जवळजवळ वरपर्यंत, जेमतेम चार-सहा खिळे हललेले. आधीची आठ प्रकरणं ही भावंडं जोडीनं संपत आली, आणि इथे एक उपाशी आणि एक तुडुंब? मला गणित येत नाही, पण खण वाचता येतो ना! भिंग घेतलं आणि तुझे कागद पाहिले. पहिल्या अर्ध्या पानावर बाकदाराला तुझी ती लचक आहे. पुढे घाई झालेली दिसते, हात पळतोय, लचक गेली आणि बाकही गेला. अकरा पानं तशीच. एका क्षणात कळलं.

पेन्सिल कानावर होती. काढली, आणि परत ठेवली. म्हटलं, आहे तसं लावा म्हणतोस ना रे? घे. लावतो. ज्यानं माझ्या बायकोला तिच्या लेकीचं तोंड बघू दिलं नाही, त्याला मी शून्यानं भागायला लावीन. ते दोन फर्मे मी जितक्या निगुतीनं लावले तितकं आयुष्यात काही लावलं नाही, बाळ. आणि वर त्याच्याकडून सह्या घेतल्या. त्यानं मला शिस्त लागली म्हणून शाबासकी दिली! ते पत्र मी जुळाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तीन महिन्यांनी हसलो.

आईचा सूड उगवला. आता तू ये, म्हणजे झालं. मागची खोली रंगवून घेतलीय, तुला आवडतो तसा फिकट पिवळा. खिडकीखाली टेबल टाकलंय. कधी येतेस ते कळव, स्टेशनवर येतो.

तुझी वाट बघणारा,
बाबा

१० सप्टेंबर

बाबा,

बाईंनी तुमचं पत्र दिलं तेव्हा माझी त्रेसष्टावी प्रत चालू होती. उभ्यानं वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं.

आधी ते अकरा पानांचं सांगते, कारण तुम्हाला ते ठाऊक नाही. नक्कल करताना चूक त्यांच्या कागदात नव्हती. त्यांच्या कागदात दोन्ही अक्षरं स्वच्छ वेगळी होती. चूक माझीच, सगळीच्या सगळी. मे महिन्यात एका सकाळी ते म्हणाले, हे प्रकरण आज संध्याकाळच्या टपालात पडलं तर गुरुवारच्या गाडीनं तुला माहेरी पाठवतो. आई आजारी आहे हे मला माहीत नव्हतं. मला नुसतं यायचं होतं. सकाळी बसले ती संध्याकाळी उठले, मध्ये पाणी प्यायलाही नाही. बॅग आधीच भरून ठेवली होती. टपाल गेलं. गुरुवारी ते म्हणाले, आता मुद्रितं येऊ देत. तुम्हाला कागदावर माझा हात पळताना दिसला म्हणता ना, तो तुमच्याकडे यायला पळत होता.

तुमच्या पत्रानंतर मी त्यांच्या कपाटातली पुस्तकाची फाइल काढून वाचली, तुमची पत्रं आणि त्यांच्या उत्तरांच्या नकला. मुद्रितांचे समास कापलेले यायचे. मला वाटायचं, छापखान्यात कागदाची ओढाताण असेल, बाबा काटकसर करतायत. तुमचं पत्र नाही म्हणून मी रागावले होते. हिवाळ्यापासून रागावले होते, तुमच्यावर आणि आईवरही. तिच्यावरचा राग आता कुठे ठेवायचा ते मला कळत नाही.

समितीच्या दिवशी ते घरी आले. मूळ प्रत पाहिली आणि पुस्तक माझ्या तोंडावर फेकून मारलं. पुठ्ठ्याचा कोपरा भुवईवर लागला, तीन टाके पडले. मला वाटलं, बरोबर आहे, माझ्या हातून एका माणसाच्या वीस वर्षांच्या कामाचं वाटोळं झालं. तुम्ही लिहिता शोभा त्यांची झाली. त्यांची एक दुपार झाली, बाबा. माझी रोज होते. सकाळी नाश्त्याला बसले की विचारतात, शून्यानं भागलं तर काय येतं? मी उत्तर द्यायचं. दिलं की पुन्हा विचारतात. मग दिवसभर बाक काढत बसायचं आणि संध्याकाळी त्यांनी भिंगातून तपासायचं. एक बाक चुकला तर ती प्रत फाडतात आणि आकडा पुन्हा मागे. तरी मी काढत होते. चूक माझी होती, फेडत होते.

आणि मग तुमचं पत्र. पेन्सिल कानावर होती, काढली आणि परत ठेवली.

सही त्यांची, पण हात माझा आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही लिहिलंयत तसं. भिंगातून माझा हात ओळखलात, माझी घाई ओळखलीत, आणि ते कागद ज्याच्या घरात मी राहते त्याच्याकडे जसेच्या तसे पाठवलेत. हा माणूस चुकीचं काय करतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तुमच्याकडे त्याची पत्रं होती. पुस्तक कुणाच्या अंगावर येऊन आदळेल, हा एक विचार मनात आला नाही? की आला, आणि तरी लावलंत?

हुकूम होता म्हणाल. त्यांनी समासात लिहू नका म्हटलं तरी तुम्ही लिहिलंत. प्रश्न विचारू नका म्हटलं तरी विनवण्या केल्यात. त्यांचा हुकूम तुम्ही आयुष्यात एकदाच तंतोतंत पाळलात, तो माझ्या चुकीवर. एक प्रश्नचिन्ह, बाबा. त्यांनी खोडलं असतं तर खोडलं असतं.

त्यांना मी हवी होते पुस्तकासाठी. तुम्हाला हवी होते हे मला कधी खोटं वाटलं नाही. पण ते दोन फर्मे लावताना तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त काहीतरी हवं होतं, आणि ते तुम्हाला मिळालं. जुळाऱ्यांना वाचून दाखवलंत, हसलात. मला तुमच्यावर ओरडावंसं वाटतं आणि ओरडायला तुम्ही समोर नको आहात.

मी त्यांचं घर सोडलंय. त्रेसष्टावी प्रत अर्धी झाली होती, तशीच उघडी ठेवून निघाले. एका मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर काम मिळालंय. कार्डांवर रोग्यांची नावं लिहायची असतात, अक्षर बघूनच घेतलं मला. कुठे ते सांगत नाही. बाईंनाही सांगितलेलं नाही, त्यांना विचारून त्रास देऊ नका. आईचं माझ्याजवळ काहीच नाही, तरीही काही पाठवू नका, पाठवायला पत्ता नाही.

पोटात तुमच्याबद्दल माया नाही असं नाही. आहे, त्याचाच संताप येतो. पण मी येत नाही. आता नाही आणि पुढेही नाही, म्हणजे उगाच जीव टांगणीला लावून बसू नका. तो अनुभव आईनं घेतलाय, तुम्ही घेऊ नका.

मागची खोली भाड्यानं द्या. एकटं राहण्यापेक्षा कुणाची तरी सोबत होईल.